तिसऱ्या खिळ्याचा बूट

आमच्या थिसलडीनमध्ये ज्याला एकदाही जाळलेलं नाही, तो माणूस गावात राहतो म्हणायचं एवढंच. हंफ्री टपनला एकोणसत्तरावं लागलं तरी त्याला कुणी जाळलं नव्हतं. त्याच्या आजोबाला जाळलं होतं. बापाला तर असं जाळलं होतं की अजून लोक नाव काढतात. हंफ्रीच्या बैठकीत फायरप्लेसच्या वर तीन खिळे होते. पहिल्यावर आजोबाचा करपलेला बूट, दुसऱ्यावर बापाचा. तिसरा रिकामा. दर नाताळात हंफ्रीची बायको रोझलिंड त्या रिकाम्या खिळ्याला लाल फीत बांधायची, आणि दर नाताळात हंफ्रीचं डोकं फिरायचं.

जाळायचं म्हणजे पुतळा जाळायचा, माणूस नव्हे. माणूस समोर उभा राहून बघतो.

तारीख पाच नोव्हेंबर. सोळाशे पाच साली याच दिवशी गाय फॉक्स नावाचा गृहस्थ पार्लमेंटच्या तळघरात दारूची पिंपं घेऊन बसलेला सापडला. उडवायची दारू, प्यायची नव्हे; प्यायची असती तर त्याला कुणी हटकलंही नसतं. तेव्हापासून सगळा देश या दिवशी जाळ करतो. थिसलडीननेही पहिली दोनशे-अडीचशे वर्षं इमानेइतबारे पोपचा पुतळा जाळला. पण पोप कधी बघायला आला नाही. ज्याला जाळायचं त्याचं तोंड बघायला मिळत नसेल तर त्यात काय मजा, असं गावाच्या लक्षात आलं, आणि त्या वर्षापासून गाव आपल्याच माणसांना जाळू लागलं.

याचे नियम सगळ्यांना पाठ. वर्षभरात गावाला ज्याने सगळ्यांत जास्त छळलं, त्याचा पुतळा करायचा. कुणाचा करायचा ते शेकोटी मंडळ गुपचूप ठरवतं. नाव शेकोटी असलं तरी जाळ चर्चच्या टोकाला भिडेल एवढा असतो. पुतळ्याच्या एका पायात त्याच माणसाचा खरा बूट हवा, आणि तो चोरलेलाच हवा. म्हणून ऑक्टोबर लागला की गावातले सगळे वाकडे लोक मागच्या दारात बूट मोजत बसतात. जळून उरलेला बूट दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या फाटकाला टांगतात. मेलेल्याला जाळायचं नाही, कारण त्याला राग येत नाही. आणि ‘मला जाळा’ असं ज्याने तोंडाने म्हटलं, त्याला सात जन्मांत जाळायचं नाही.

शेवटच्या नियमाने हंफ्रीचं वाटोळं केलं होतं.

कारण हंफ्री दातांचा डॉक्टर, आणि त्यातही हलक्या हाताचा. निवृत्त होईपर्यंत त्याने गावातल्या यच्चयावत माणसांचे दात उपटले, पण शिवी एकाचीही खाल्ली नाही. लोक खुर्चीवरून उठताना त्यालाच विचारायचे, ‘तुम्हाला त्रास नाही ना झाला, डॉक्टर?’ असल्या माणसाला कोण जाळणार?

पाच तारखेला संध्याकाळी मशालींची मिरवणूक मैदानात आली की टेड डिप्लॉक गाडीवर चढायचा. टेड गावचा खाटीक, शेकोटी मंडळाचा कप्तान आणि हंफ्रीचा शाळेपासूनचा मित्र. त्या संध्याकाळी तो बिशप व्हायचा. डोक्यावर पुठ्ठ्याची उंच टोपी, अंगात बहिणीच्या जुन्या पडद्यांचा झगा. लोक त्याच्यावर फटाके फेकायचे आणि तो त्यातून ओरडून पाच नोव्हेंबरचा इतिहास सांगायचा.

“सोळाशे पाच! फॉक्स सापडला!”

“जाळा!” गाव ओरडायचं.

“सोळाशे अठ्ठ्याऐंशी! हॉलंडचा विल्यम टॉरबेला बोटीतून उतरला आणि सासऱ्याचं राज्य घशात घातलं!”

“जाळा!”

“अठराशे चौपन्न! इंकरमनच्या धुक्यात आपल्या शिपायांना हातभर पुढचं दिसत नव्हतं, तरी जिंकले! एकोणीसशे चौदा! तुर्कांशी युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी सायप्रस खिशात घातलं! एकोणीसशे एकवीस! एझ्रा टपनने गावच्या तळ्याला कुंपण घातलं!”

“जाळा! जाळा!”

थिसलडीनच्या हिशेबात सायप्रस आणि तळं यांत काही फरक नव्हता. एझ्रा म्हणजे हंफ्रीचा आजोबा. मग यायचं छप्पन साल.

“एकोणीसशे छप्पन! आपले छत्रीवाले सैनिक सुवेझवर उतरले आणि अब्रू घालवून परत आले! आणि त्याच वर्षी रेजिनल्ड टपनने मैदानातलं चेस्टनटचं झाड तोडलं!”

सुवेझला जेमतेम चार जण ओरडायचे. झाडाला गाव असं पेटायचं की चर्चमधली वटवाघळं उडायची.

हंफ्रीच्या आयुष्यातली पहिली आठवण म्हणजे ती छप्पनची संध्याकाळ. तो बापाच्या खांद्यावर बसला होता आणि समोर बाप जळत होता. हजार माणसं बापाच्या नावाने शंख करत होती, आणि खालचा बाप एवढा हसत होता की हंफ्री वरच्या वर उडत होता. दुसऱ्या दिवशी बापाने तो करपलेला बूट आजोबाच्या बुटाशेजारी लटकवला, बाजूला एक नवा खिळा ठोकला आणि पोराला म्हणाला, “हा तुझा.”

त्यानंतर बापही गेला. खिळा आपला तिथेच.

हंफ्रीने हातपाय हलवले नाहीत असं नाही. निवृत्त झाल्यावर तो गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला आणि अध्यक्ष झाला, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. अध्यक्ष झाल्या झाल्या त्याने मैदानाजवळचा सार्वजनिक संडास बंद केला. आता गाव खवळणार म्हणून तो पबमध्ये जाऊन मुद्दाम मधल्या टेबलावर बसला. टेडने त्याच्यापुढे बिअर आणून ठेवली.

“वा रे हम्फ! किती वर्षं घाण मारत होता तो. कुणाची हिंमत नव्हती.”

मग त्याने क्रिकेटच्या मैदानावर कुत्र्यांना बंदी केली. क्रिकेटच्या संघाने त्याला ढाल दिली. कुत्रेवाल्या बायका तळ्याच्या बाजूने फिरू लागल्या, तिथे त्यांच्या ओळखी वाढल्या आणि दोघींची लग्नंसुद्धा जमली. त्याने चर्चची घंटा सकाळी वाजवायची बंद केली, तर खुद्द पाद्रीबुवाच येऊन हात हातात घेऊन म्हणाले, “देव तुमचं भलं करो. दहा वर्षांत पहिल्यांदा झोपलो.”

ऑक्टोबर आला की हंफ्री मागच्या पायरीवर बूट असे मांडून ठेवायचा की आंधळ्यालाही ठेच लागावी. एके साली त्यातला एक नाहीसा झाला. तीन दिवस हंफ्री घरात शीळ घालत फिरला. चौथ्या दिवशी बूट कुंपणाखाली सापडला, कोल्ह्याने चावलेला.

“कोल्ह्याला तरी आवडलास तू,” रोझलिंड म्हणाली.

“गंमत करू नकोस.”

“मग काय करू? रडू? लोकांचे नवरे दुसऱ्या बायकांच्या मागे लागतात. माझा नवरा स्वतःला जाळून घ्यायच्या मागे लागलाय.”

या वर्षी जूनमध्ये डॉक्टरांनी हंफ्रीच्या छातीला नळी लावून ऐकलं, मग तोंड आंबट करून पुन्हा ऐकलं. हृदयातली एक झडप बाद झाली होती. जानेवारीत ऑपरेशन करू म्हणाले. वय बघता धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे.

हंफ्री भ्याला. तो मरणाला भ्यालाच, पण घरी येऊन खुर्चीत टेकला तेव्हा त्याची नजर आधी गेली ती तिसऱ्या खिळ्याकडे. मेलेल्याला जाळत नाहीत. म्हणजे आता उरला एकच नोव्हेंबर.

सप्टेंबरच्या सभेत तो उठून उभा राहिला. कौन्सिलची सगळी मंडळी होती, आणि मागच्या बाकावर टेड हातावर हात बांधून बसला होता.

“पाच नोव्हेंबर कधी मंगळवारी येते, कधी बुधवारी,” हंफ्री म्हणाला. “दुसऱ्या दिवशी लोकांना कामावर जायचं असतं. गाड्या लावायला जागा नसते. तेव्हा माझा असा प्रस्ताव आहे की यापुढे शेकोटी जवळच्या शनिवारी करावी.”

दोघातिघांनी माना वळवून मागे टेडकडे बघितलं.

“शिवाय,” हंफ्रीला आता चेव आला होता, “सतराशे बावन्नमध्ये सरकारने कॅलेंडरच बदललं. फॉक्सची पाच तारीख आजच्या हिशेबाने पंधराला येते. म्हणजे आपण गेली पावणेतीनशे वर्षं चुकीच्याच दिवशी जाळतोय.”

पोस्टवाली मॉरीन गँडर कौन्सिलची चिटणीस होती. तिच्या हातातलं पेन खाली पडलं. टेड उठला, हंफ्रीकडे एकदा बघितलं आणि बाहेर निघून गेला. प्रस्तावाच्या बाजूने एकच हात वर झाला, तो हंफ्रीचा स्वतःचा.

हंफ्री घरी आला तो तरंगतच. पुढचे पंधरा दिवस सुखाचे गेले. टेड रस्त्यात दिसला की मान फिरवायचा. मॉरीनने त्याला तिकिटं देताना नजर वर केली नाही. दुकानात टेडने त्याला जे मटण दिलं त्यात नुसत्या चरबीचे गोळे होते, आणि हंफ्रीने ते मिटक्या मारत खाल्ले.

“कसं झालंय?” रोझलिंडने विचारलं.

“भयंकर!” हंफ्री आनंदाने म्हणाला. “वाढ अजून.”

फक्त बूट काही चोरीला गेला नाही. ऑक्टोबर संपला तरी पायरीवरचे दोन्ही बूट जागच्या जागी. हंफ्रीचा चेहरा उतरत गेला. शेवटच्या दिवशी त्याने ते बूट आत आणले, भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि रोझलिंडने दिवा मालवला तरी बराच वेळ त्याला झोप आली नाही.

पाच तारखेला तो जाणारच नव्हता. रोझलिंडने त्याच्या गळ्यात मफलर गुंडाळला आणि ओढत नेलं.

मैदानात सगळं गाव लोटलं होतं. पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर घातलेली मंडळाची माणसं मशाली घेऊन आली, डांबराची जळती पिंपं ओढत आणली. लाकडांचा ढीग घराएवढा. गावच्या स्वयंसेवकांचा बंब नेहमीसारखा कडेला उभा होता, नळी जोडून तयार, आणि बंबवाले नेहमीसारखे सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, पिंपाजवळ. टेड पडद्यांचा झगा सावरत गाडीवर चढला. फॉक्स झाला, विल्यम झाला, इंकरमन झालं. एझ्रा टपन झाला, रेजिनल्ड टपन झाला. हंफ्रीने मान खाली घातली.

“आणि या वर्षी!” टेड ओरडला. “आपल्याच एका हरामखोराने पाच नोव्हेंबरची तारीख बदलायचा घाट घातला! पाच तारखेचा शनिवार करायला निघाला! ओळखा कोण!”

लाकडांच्या ढिगावर उभ्या पुतळ्याची ताडपत्री खाली आली.

हंफ्री होता. दोन मजली हंफ्री, पांढऱ्या कोटात, एका हातात माणसाएवढा चिमटा आणि दुसऱ्या हातात उपटलेली अजस्र दाढ. पुतळ्याच्या पोटात फटाके ठासलेले, वाती बाहेर लोंबत होत्या.

“जाळा!” गाव ओरडलं.

 हंफ्रीने रोझलिंडचा हात घट्ट धरला. त्याला बाप आठवला, बापाचे हलणारे खांदे आठवले. तो रडला, आणि रडताना त्याला अजिबात लाज वाटली नाही. एवढ्या वर्षांनी! टेडने मशाल खाली टेकवली. लाकडांना धूर सुटला.

डोळे पुसून हंफ्रीने पुन्हा नीट बघितलं, आणि मग त्याला काहीतरी खटकलं.

पुतळा देखणा होता. नाक खऱ्यापेक्षा सरळ, डोक्यावर खऱ्यापेक्षा दुप्पट केस. टपनांच्या पुतळ्यांना असं कधी कुणी केलं नव्हतं. बापाच्या पुतळ्याला डुकराचे कान होते. आणि लोक ओरडत होते, पण कसे? लहान मुलांच्या नाटकात राक्षस आल्यावर आईबाप ओरडतात तसे. पुढच्या रांगेतल्या मॉरीनने ‘जाळा’ म्हणून रुमालाने डोळे टिपले. एकाने जाता जाता हंफ्रीची पाठ थोपटली. “शोभून दिसताय, डॉक्टर!”

हंफ्रीची नजर पुतळ्याच्या पायाकडे गेली. बूट त्याचाच होता. जुना तपकिरी, जो दान करायला काढलाय असं रोझलिंड म्हणाली होती. मशालीच्या उजेडात तो चमकत होता. त्याला पॉलिश केलेलं होतं. टाचेलासुद्धा.

टाचेला पॉलिश करणारं माणूस सगळ्या परगण्यात एकच होतं.

“रोझलिंड,” हंफ्री म्हणाला, “बूट कुणी चोरला?”

“चोरला असेल कुणीतरी.”

“पॉलिश करून चोरला?”

रोझलिंडने समोर बघत उत्तर दिलं. “मग काय तसाच देऊ? गावासमोर? चिखलाने माखलेला?”

“दिलास तू?”

“त्या सभेनंतर टेड आला होता. स्वयंपाकघरात बसला. म्हणाला, हम्फला काय झालंय, तो असा नाही. मी सांगितलं झडपेचं. सांगितलं, की तुझा जीव त्या खिळ्यात अडकलाय.” तिने त्याचा मफलर सारखा केला. “टेड ढसाढसा रडला, हंफ्री. मंडळाने एकमताने ठरवलं. एकही हात खाली नव्हता. एवढं प्रेम कुणाच्या वाट्याला येतं?”

“आणि तो रस्त्यात मान फिरवायचा ते?”

“तुझ्याकडे बघितलं की त्याला रडू यायचं.”

“आणि चरबीचे गोळे?”

“मीच सांगितलं होतं त्याला. म्हटलं, जरा वाईट वागा, त्याला बरं वाटेल.”

हंफ्रीला वाटलं, कुणीतरी भर मैदानात आपलं धोतर फेडलं असतं तर बरं झालं असतं. आणि थिसलडीनला कुणी धोतर नेसत नाही म्हणून तेवढंही नशिबात नाही. बापाला शिव्या देऊन जाळलं. आजोबाच्या खिडक्या फोडल्या. आणि त्याला? त्याला वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्तीसारखं पेटवत होते! खोकल्याच्या औषधासारखं चमच्याने पाजत होते! उद्या सकाळी फाटकाला तो बूट लटकेल, आणि तो खिळ्यावर टांगला तरी रोज त्याच्याकडे बघून आठवेल की बायकोने मागून आणलाय.

लाकडं आता धडधडू लागली होती. जाळ पुतळ्याच्या गुडघ्याकडे सरकत होता. हंफ्रीने मफलर काढून रोझलिंडच्या हातात दिला आणि बंबाकडे चालू लागला.

“हंफ्री! कुठे चाललास?”

बंबवाल्यांच्या हातात सायडरचे पेले होते. एकाने तर हसून वाट करून दिली. हंफ्रीने नळीचं तोंड काखेत धरलं आणि लोखंडी दांडा खाली खेचला.

पाण्याचा पहिला फटका टेडला बसला. पुठ्ठ्याची टोपी त्याच्या कानांवर उतरली आणि तो पडद्यांसकट गाडीवरून खाली गेला. दुसरा फटका पुतळ्याच्या पोटात. मग हंफ्रीने नळी खाली केली आणि ढिगाच्या मुळावर धरली. काय आवाज झाला! सगळं मैदान वाफेने भरून गेलं. नळी त्याला मागे ढकलत होती, तो दात खाऊन उभा होता.

“तुझं हृदय, मूर्खा!” रोझलिंड किंचाळली.

“माझंच आहे ना!” हंफ्री ओरडला आणि राहिलेल्या निखाऱ्यांवर पाणी फिरवलं.

कुणी येऊन दांडा वर करेपर्यंत काम झालं होतं. वाफ हटली तेव्हा काळं, गळणारं लाकूड उरलं होतं आणि वर ओलाचिंब हंफ्री. फटाक्यांचा लगदा त्याच्या पँटमधून खाली ठिबकत होता. युद्धातली अंधाराची वर्षं सोडली तर थिसलडीनचा पाच नोव्हेंबरचा जाळ कधी विझला नव्हता. पावसाने नाही, बर्फाने नाही.

 मग मागून कुठूनतरी एक आवाज निघाला, खालच्या पट्टीतला, गुरगुरल्यासारखा. तो पुढे सरकला, पसरला आणि एकदम फुटला. यात नाटक नव्हतं. बायका त्याच्या आईचा उद्धार करत होत्या. पाद्रीबुवांनी जो शब्द वापरला तो त्यांना येत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. शेकोटीत भाजायला आणलेला एक कच्चा बटाटा सणसणत आला आणि हंफ्रीच्या कपाळावर फुटला.

टेड चिखलातून उठला. गालांवरून पडद्यांचा रंग ओघळत होता. तो हंफ्रीच्या नाकाजवळ नाक आणून उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत आता दयेचा लवलेश नव्हता.

“तुझ्यासाठी मी रडलो,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी! महिनाभर खपून केस लावले तुझ्या डोक्यावर. चालता हो इथून, नाहीतर खरंच जाळीन.”

हंफ्री कपाळ चोळत घरी गेला. उभ्या आयुष्यात त्याच्या कानांवर एवढं गोड काही पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला बूट नव्हता, कारण तो जळालाच नव्हता. बैठकीची काच मात्र फुटली होती. टेडने दुकानाच्या दाराला पाटी लावली: कुत्र्यांना प्रवेश आहे, टपनना नाही. टपालाच्या फटीतून रोज कुणीतरी ओलं सरपण आत सारायचं. रोझलिंडला नाताळच्या केकच्या स्पर्धेतून वगळलं, तेव्हापासून ती हंफ्रीशी बोलायची बंद झाली. कॉफीचा कप आपटून ठेवायची, तेवढाच संवाद. तरी तिसऱ्या खिळ्याला लाल फीत बांधायला मात्र ती विसरली नाही, आणि या वेळी गाठ अशी मारली की कुणाला सुटू नये.

हंफ्री खुश होता, आणि घाबरलेलाही होता. आता गाव त्याला खरंखुरं जाळणार, पण नोव्हेंबरमध्ये. मध्ये जानेवारी होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेत, शहरातल्या रुग्णालयात खोलीच्या दारात टेड दिसला. हातात द्राक्षं नाहीत, फुलं नाहीत. खुर्ची होती, पण बसला नाही.

“मी तुला बघायला आलेलो नाही,” टेड म्हणाला.

“मग?”

“खाली मासे तळून देणारं दुकान आहे. बरं आहे म्हणतात.”

“असेल.”

टेडने खिडकीतून खालच्या गाड्या बघितल्या. “माझी नात आठवडाभर रडत होती.”

“माहीत आहे.”

“माझी टोपी गेली. वीस वर्षांची टोपी.”

“माहीत आहे, टेड.”

“विझवलास तू. माझ्या डोळ्यांदेखत.” टेडचे कान लाल झाले होते. त्याच्या हातातली कापडी टोपी खाली पडली. ती उचलायला तो पलंगाखाली वाकला आणि पाठ धरून बऱ्याच वेळाने वर आला. कोटाची बटणं लावत दारापर्यंत गेला, मग वळला.

“मेलेल्याला आम्ही जाळत नाही. लक्षात आहे ना?”

“आहे.”

“मग उद्या नीट वाग, नालायका,” टेड म्हणाला आणि दार आपटून गेला.

झडप बसली. हंफ्रीला दोन दिवस काही कळत नव्हतं, मग कळायला लागलं तेव्हा छाती दुखत होती, आणि दुखतेय म्हणजे आपण आहोत एवढं त्याच्या ध्यानात आलं. घरी जायच्या दिवशी रोझलिंड न बोलता त्याचे कपडे पिशवीत भरत होती. भरता भरता पलंगाखाली वाकली, मग गुडघ्यांवर बसली, मग कपाट उघडलं.

“डावा बूट कुठाय?” नोव्हेंबरपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

हंफ्री उशीवरून उठून बसला. परिचारिकेने त्याला झोपा म्हटलं. तो झोपला नाही.

“नीट बघ.”

“बघितलं. उजवाच आहे.”

“रोझलिंड, त्याला पॉलिश केलं होतंस?”

“तुझ्याशी बोलत नव्हते मी. पॉलिश कशाला करू? येताना चिखलातून आलास, तसाच होता.”

“चिखलासकट गेला?”

“गेला म्हणजे? कोण नेणार एक बूट...” आणि ती थांबली. गुडघ्यांवर बसल्या बसल्या तिने दाराकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं, पलंगाची कड धरून ती हसत राहिली. हंफ्री हसू शकत नव्हता, छातीला टाके होते. म्हणून तो रडला.

“अजून जानेवारी आहे,” रोझलिंड डोळे पुसत म्हणाली. “ऑक्टोबरपर्यंतसुद्धा दम निघाला नाही त्या खाटकाला.”

हंफ्री एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून गाडीत बसला. घरी पोचल्यावर रोझलिंडने पिशवी दारातच ठेवली, स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि तिसऱ्या खिळ्यावरची लाल फीत कापून टाकली.